डोकं चालतं तेव्हा रक्त कुठे जातं?

वर्तमानपत्राच्या विज्ञान पुरवणीतलं एक चित्र आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. करड्या रंगात मेंदूचा आडवा छेद आणि त्यावर एखाददुसरा लाल-पिवळा ठिपका. खाली मजकूर : संगीत ऐकताना मेंदूचा हा भाग 'उजळतो', गणित सोडवताना तो. असं चित्र वर्गात दाखवलं की कुणीतरी विचारतंच, "म्हणजे तिथे खरंच काही चमकतं का? वीज दिसते का?" प्रश्न चांगला आहे. वीज दिसत नाही. विचार तर नाहीच नाही. त्या चित्रात दिसतं ते रक्त, आणि तेही सरळ नव्हे, बऱ्याच आडवळणानं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे रक्त जास्त येतं, एवढ्या एका गोष्टीवर ते सगळं चित्र उभं आहे. ही गोष्ट आज आपल्याला अगदी साधी वाटते. पण ती पटायला शास्त्रज्ञांना शंभर वर्षं लागली आणि मधली तीसेक वर्षं तर ती चूक आहे असंच मानलं जात होतं.

आधी थोडा हिशेब करू. प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १४०० ग्रॅमचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या शेकडा दोन. पण हृदय दर मिनिटाला जे सुमारे पाच लिटर रक्त बाहेर ढकलतं, त्यातलं जवळजवळ पाऊण लिटर एकट्या मेंदूकडे जातं. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या दीड पिशव्या, दर मिनिटाला! आपण स्वस्थ बसलेले असताना शरीर जो ऑक्सिजन वापरतं त्याचा सुमारे पाचवा हिस्सा मेंदू घेतो. इतका खर्चिक अवयव, पण शिल्लक मात्र जवळजवळ नाही. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनचा साठा असतो तसा मेंदूत नगण्यच. पुरवठा पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते, चार-पाच मिनिटांत पेशींना कायमची इजा होऊ लागते. मेंदूचं पोट अक्षरशः हातावर आहे. तेव्हा कुठल्या भागाला केव्हा किती रक्त मिळणार, हा प्रश्न त्याच्या जगण्यामरण्याचा आहे.

या प्रश्नाच्या वाटेत सुरुवातीलाच एक अडथळा उभा होता, आणि तो पदार्थविज्ञानाचा होता. १७८३ मध्ये एडिंबरोचे शरीररचनाशास्त्रज्ञ अलेक्झांडर मन्रो यांनी मांडलं, की कवटी ही हाडाची बंद पेटी आहे आणि मेंदू दाबून लहान होणारा पदार्थ नाही. मग आतल्या रक्ताचं प्रमाण कमीजास्त होणार कसं? १८२४ मध्ये जॉर्ज केली यांनी याला दुजोरा दिला. यातून पुष्कळांनी असा अर्थ काढला की मेंदूला मिळणारं रक्त कायम सारखंच असतं. इथे एक घोटाळा आहे. तो नववी-दहावीच्या मुलांना शोधायला द्यावा असा आहे. पाण्यानं भरलेल्या नळीत पाणी नेहमी तेवढंच असतं, पण एका मिनिटात तिच्यातून किती पाणी वाहून जातं हे बदलू शकतं. 'किती आहे' आणि 'किती वाहतं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा प्रश्न मोजायचं साधनच तेव्हा नव्हतं, म्हणून पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं गेलं.

बंद पेटीत डोकवायचं कसं? तान्ह्या बाळाच्या टाळूवर तेल घालताना ती नाडीबरोबर उडताना आपण पाहतो. टाळू भरली की ही खिडकी बंद होते. इटलीत तुरिन इथे काम करणारे अँजेलो मोस्सो यांना अशी खिडकी मोठ्या माणसांत मिळाली. मोस्सो सुताराचे चिरंजीव. यंत्रं जुळवण्यात त्यांचा हात बसलेला होता. अपघातानं किंवा आजारानं ज्यांच्या कवटीचं हाड गेलं आहे आणि वर फक्त कातडी आली आहे अशा रुग्णांच्या डोक्यावरचे ठोके त्यांनी काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर उमटवून घेतले.

त्यांतला सर्वात प्रसिद्ध रुग्ण मिकेले बेर्तिनो नावाचा शेतकरी. १८७७ मध्ये डोक्यावर वीट पडून त्याच्या कवटीला भोक पडलं होतं. एकदा नोंद चालू असताना दुपारचे बारा झाले, चर्चच्या घंटा वाजल्या, आणि मेंदूचे ठोके एकदम मोठे झाले. हाताची नाडी त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर उमटत होती, तिच्यात काही फरक नव्हता. मोस्सोंना शंका आली. घंटा ऐकून प्रार्थना म्हणायला हवी असं तुला वाटलं का, असं त्यांनी विचारलं. नुसत्या त्या प्रश्नानंच ठोके पुन्हा वाढले. मग त्यांनी विचारलं, आठ बारे किती? प्रश्न कानावर पडल्यावर काही क्षणांतच पुन्हा तेच. १८८० मध्ये मोस्सोंनी ही सगळी निरीक्षणं पुस्तकरूपानं छापली.

या प्रयोगात आम्हाला सर्वात मोलाची वाटते ती हाताची नाडी. नुसते डोक्याचे ठोके वाढले असते तर हृदयच जोरात धडधडलं असेल असं कुणीही म्हणालं असतं. हात शांत आणि मेंदू मात्र उसळलेला, याचा अर्थ बदल मेंदूतच आहे. तुलनेसाठी दुसरी नोंद ठेवणं म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगायला याहून सोपं उदाहरण सापडणं कठीण.

मोस्सोंनी एक तराजूही बनवला होता. लाकडी फळी मधोमध धारेवर तोललेली, तिच्यावर माणूस उताणा निजवायचा, वजनं सरकवून तोल साधायचा आणि मग त्याला वाचायला द्यायचं. मेंदूत रक्त गेलं तर डोक्याकडची बाजू खाली जाईल! कल्पना फार गोड आहे. पण श्वासाबरोबरसुद्धा रक्त पायाकडून छातीकडे आणि छातीकडून पायाकडे सरकतं, माणूस किंचित हलला तरी तोल जातो. तराजू कलला तरी तो मेंदूमुळेच कलला असं कसं म्हणायचं? २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये आधुनिक उपकरणं लावून हा प्रयोग पुन्हा केला गेला, तेव्हाही ही शंका पुरती फिटली नाही.

मोस्सोंनी 'काय होतं' ते दाखवलं. 'कसं होतं' याचं उत्तर १८९० मध्ये केंब्रिजच्या चार्ल्स रॉय आणि चार्ल्स शेरिंग्टन यांनी सुचवलं. (शेरिंग्टन तेव्हा तिशीत होते, पुढे १९३२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं, ते चेतापेशींवरच्या कामासाठी.) भूल दिलेल्या कुत्र्यांच्या मेंदूचं फुगणं त्यांनी मोजलं. मग मेलेल्या प्राण्याच्या मेंदूचा अर्क जिवंत कुत्र्याच्या शिरेत टोचला, तर त्याचा मेंदू फुगला. त्यावरून त्यांचा तर्क असा : काम करताना मेंदूच्या पेशींतून काही रासायनिक पदार्थ बाहेर पडतात, ते जवळच्या बारीक धमन्यांना सैल करतात, धमन्या रुंदावतात आणि रक्त वाढतं. म्हणजे जिथे काम तिथे टाकाऊ पदार्थ, आणि जिथे टाकाऊ पदार्थ तिथे रक्त. बाहेरच्या हुकमाची गरजच नाही, मेंदू आपली सोय आपणच लावतो.

आता वाटेल, प्रश्न सुटला. पण पाचच वर्षांनी लंडनमध्ये लिओनार्ड हिल आणि विल्यम बेलिस यांनी वेगळे प्रयोग करून नेमकं उलट सांगितलं. प्राण्यांच्या शरीरातला रक्तदाब आणि कवटीतला दाब एकाच वेळी मोजले, तर दुसरा पहिल्यामागे मुकाट चालताना दिसला. १८९६ मध्ये हिल यांनी या विषयावर पुस्तकच लिहिलं आणि निकाल दिला, की मेंदूला आपलं रक्त कमीजास्त करण्याची स्वतःची यंत्रणा नाही. शरीराचा दाब वाढला की मेंदूत रक्त वाढतं, उतरला की उतरतं. हिल मोठे होते, प्रयोग नीटस होते, लिहिणं ठाम होतं. मोस्सोंचे रुग्ण दोन-चार आणि तेही डोकं फुटलेले. रॉय-शेरिंग्टन यांचा तर्क निव्वळ तर्क. पारडं कुठे झुकणार हे उघड होतं. विषय तिथेच थंडावला. शेरिंग्टनही दुसऱ्या कामाकडे वळले.

हिल यांनी मोजलं ते चुकीचं नव्हतं. फक्त त्यांनी मोजला तो सबंध मेंदूचा दाब, तोही गुंगीत असलेल्या प्राण्याचा. त्यावरून जागेपणी मेंदूच्या एका कोपऱ्यात काय चालतं हे कळणार कसं? 'मला दिसलं नाही' आणि 'ते नाही' यांच्यात अंतर असतं. गंमत अशी, की याच हिल यांचे चिरंजीव ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे पुढे संख्याशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणाऱ्यांतले ते एक, आणि दोन गोष्टी बरोबर घडतात म्हणून एक दुसरीचं कारण ठरते का, हे तपासायचे निकष त्यांच्या नावानं शिकवले जातात.

पुढचं पाऊल पुन्हा एका रुग्णामुळेच पडलं. बोस्टनमधल्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात मेंदूचे नामवंत शल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांच्याकडे सव्वीस वर्षांचा एक खलाशी आला. निबंधात त्याचं नाव 'वॉल्टर के.' एवढंच दिलं आहे. डोकेदुखी, नजर अधू होत चाललेली आणि डोक्यात मागच्या बाजूला सतत एक घरघर. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दृष्टीचं केंद्र आहे तिथेच, रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता होता. शस्त्रक्रियेत तो काढता आला नाही. हाडाचा तुकडा काढलेला होता, त्यामुळे आता नळी लावून ती घरघर बाहेरूनही स्वच्छ ऐकू येऊ लागली. मग खलाशानं डॉक्टरांना एक गोष्ट सांगितली : मी डोळे वापरले की आवाज वाढतो.

दुसऱ्या कुणी हे हसण्यावारी नेलं असतं. तिथे काम करणाऱ्या जॉन फुल्टन या तरुण डॉक्टरनं ते तपासून पाहिलं. खलाशाला बराच वेळ अंधारात पडू दिलं, आवाज मंदावला. मग वर्तमानपत्राचा बारीक टाइप वाचायला दिला, थोड्याच वेळात घरघर वाढली. तंबाखूचा, व्हॅनिलाचा वास दिला, काही नाही. लांब ठेवलेल्या घड्याळाची टिकटिक कान देऊन ऐकायला सांगितली, काही नाही. साधं बोलणं केलं, तरी नाही. दृष्टीच्या केंद्राजवळचं रक्त फक्त दृष्टीला दाद देत होतं. हिल म्हणतात तसं सगळंच शरीराच्या दाबावर असतं, तर वास घेताना आणि वाचताना असा भेद का पडावा? फुल्टन यांनी हे १९२८ मध्ये छापलं. ते ऑक्सफर्डला शिकले होते ते शेरिंग्टन यांच्याच हाताखाली! त्याच वर्षी बोस्टनमध्येच हेन्री फोर्ब्ज यांनी मांजराच्या कवटीत काचेची खिडकी बसवून मेंदूवरच्या धमन्या रुंदावताना डोळ्यांनी पाहिल्या.

तरी आकडा हवा होता, आणि तोही धडधाकट माणसांतला. तो १९४० च्या दशकात सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी फिलाडेल्फियात मिळवला. त्यांची युक्ती आपल्या गावच्या दूध डेअरीसारखी आहे. संध्याकाळी एकूण किती दूध जमलं हे माहीत आहे आणि प्रत्येकानं सरासरी किती लिटर घातलं हेही माहीत आहे, तर किती माणसं येऊन गेली हे भागाकारानं कळतं. दाराशी मोजत बसायला नको. त्यांनी माणसांना दहा मिनिटं थोडा नायट्रस ऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली. धमनीतल्या रक्तात तो वायू किती होता आणि मेंदूतून परतणाऱ्या मानेच्या शिरेत किती उरला, यांतल्या फरकावरून प्रत्येक मिलिलिटर रक्तानं मेंदूत किती वायू ठेवला ते कळलं. मेंदूनं एकूण किती घेतला तेही कळलं. भागाकार केला. उत्तर : दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे ५४ मिलिलिटर रक्त. वर आपण केलेला पाऊण लिटरचा हिशेब याच आकड्यावरून.

आता साहजिकच त्यांना मोस्सोंचा प्रश्न विचारावासा वाटला. १९५५ मध्ये लुई सोकोलॉफ, केटी आणि सहकाऱ्यांनी माणसांना तोंडी गणितं घातली आणि पुन्हा मोजलं. निकाल चकित करणारा होता : रक्तही वाढलं नाही, ऑक्सिजनही वाढला नाही. मोस्सो खोटे ठरले का? नाही. केटींची पद्धत सबंध मेंदूची बेरीज सांगते. एका घरात दिवा लागला म्हणून सगळ्या शहराच्या वीजबिलात फरक दिसत नाही, तसंच हे. शिवाय यातून एक फार मोठी गोष्ट हाती आली. आपण काहीच करत नसतो तेव्हाही मेंदू जवळजवळ पुरा खर्च करतच असतो. माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो, हे वाक्य आजही भाषणांत आणि शिकवण्यांच्या जाहिरातींत ऐकू येतं. ते ऐकवणाऱ्याला हा प्रयोग जरूर सांगावा.

तेव्हा बेरीज सोडून कोपरे मोजायला हवे होते. किरणोत्सारी द्रव्यांमुळे ते जमलं. त्याच गटानं मांजरांत डोळ्यांवर प्रकाश टाकून दृष्टीच्या मार्गावरचं वाढलेलं रक्त फिल्मवर उमटवलं. कोपनहेगनचे निल्स लासेन आणि स्वीडनमधल्या लुंडचे डेव्हिड इंग्वार यांनी माणसाच्या डोक्याभोवती झेनॉन वायूची किरणं टिपणारे २५४ शोधक लावले आणि बोलताना, हात हलवताना, ऐकताना कुठे रक्त वाढतं याची रंगीत चित्रं १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. आजच्या लाल-पिवळ्या ठिपक्यांचे पूर्वज ते हेच. पाठोपाठ पॉझिट्रॉन वापरणारी यंत्रं आली आणि चित्रं अधिक स्पष्ट झाली.

इथवर सगळे रॉय-शेरिंग्टन यांचं म्हणणं गृहीत धरून चालले होते : काम वाढलं, ऑक्सिजन संपला, म्हणून रक्त आलं. १९८६ मध्ये अमेरिकेत सेंट लुइस इथे पीटर फॉक्स आणि मार्कस राइकल यांनी दोन्ही गोष्टी एकाच माणसात मोजल्या. बोटांना कंप दिला. मेंदूच्या संबंधित भागात रक्त वाढलं २९ टक्के. ऑक्सिजनचा वापर वाढला फक्त ५ टक्के! दोन वर्षांनी दृष्टीच्या प्रयोगात रक्त ५० टक्के, ग्लुकोज जवळजवळ तेवढंच, आणि ऑक्सिजन पुन्हा ५ टक्के. पहिल्यांदा अनेकांना हे पटलंच नाही. लागतं थोडं आणि येतं पुष्कळ, असा कारभार निसर्ग का करेल?

यासाठी आपली पंगत आठवावी. रॉय-शेरिंग्टन यांच्या कल्पनेतला वाढपी पान रिकामं झालेलं पाहून येतो. प्रत्यक्षात मेंदूतला वाढपी पाहुणा पाटावर बसलेला दिसताच येतो आणि आग्रहानं गरजेपेक्षा जास्त वाढून जातो. एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारं ग्लुटामेट हे द्रव्य सुटलं, की त्याच निरोपामुळे नायट्रिक ऑक्साइड आणि इतर काही पदार्थ तयार होतात आणि ते धमन्यांना सैल करतात. तारकापेशी नावाच्या शेजारच्या पेशीही यात भाग घेतात. टंचाईची वाट पाहिली जात नाही. याचा पुरावाही आहे : ऑक्सिजन कमी असलेल्या हवेत श्वास घ्यायला लावून माणसांच्या डोळ्यांपुढे चित्रं दाखवली, तर टंचाईमुळे रक्त नेहमीपेक्षा जास्त धावून यायला हवं होतं. २००१ मधल्या या प्रयोगात ते नेहमीइतकंच वाढलं. इतकं जास्त का वाढलं जातं यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही.

आणि पानात उरतं, म्हणूनच आपल्याला ते चित्र मिळतं. १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी दाखवलं होतं, की ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकानं ओढलं जात नाही, ऑक्सिजन सोडून दिलेलं मात्र किंचित ओढलं जातं. १९९० मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सेइजी ओगावा यांनी उंदरांच्या मेंदूत याचा उपयोग केला : ऑक्सिजन गमावलेलं हिमोग्लोबिन जिथे असतं तिथे एमआरआयचं चित्र काळवंडतं. काम करणाऱ्या भागात गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त येतं, त्यामुळे असं हिमोग्लोबिन तिथून धुऊन निघतं आणि चित्र थोडं उजळ होतं. १९९२ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी माणसांत हे करून दाखवलं. ना सुई, ना किरणोत्सार, ना कवटीला भोक. उरलेल्या अन्नावरून पंगतीत कोण बसलं आहे हे ओळखायचं, असा हा प्रकार आहे.

म्हणून त्या ठिपक्याकडे पाहताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. चेतापेशीचा संदेश काही सहस्रांश सेकंदांत संपतो. रक्त एक-दोन सेकंदांनी वाढू लागतं आणि पाच-सहा सेकंदांनी कळसाला पोचतं. चित्रातल्या एका ठिपक्यात लाखो पेशी असतात आणि उजळपणातला खरा फरक शेकड्यात दोन-चारच असतो. लाल रंग यंत्रानं नव्हे, माणसानं निवडलेला असतो. २००१ मध्ये निकोस लोगोथेटिस यांनी माकडांच्या मेंदूत विद्युत नोंद आणि हे चित्र एकाच वेळी घेतलं. चित्राचा मेळ पेशी बाहेर काय पाठवतात यापेक्षा त्यांच्याकडे काय येऊन पोचतं याच्याशी अधिक बसला. त्या भागाला 'निरोप मिळाले' एवढं म्हणता येतं. त्यानं 'निर्णय घेतला' असं चित्र सांगत नाही.

वाढप्यांचा शोध अजून चालू आहे. १८७३ मध्ये, म्हणजे मोस्सोंच्याच काळात, शार्ल रूजे या फ्रेंच शास्त्रज्ञांना केशवाहिन्यांना बाहेरून मिठी मारून बसलेल्या पेशी दिसल्या होत्या. त्या आकुंचन पावत असाव्यात असा त्यांचा कयास होता. या पेशींकडे दीर्घकाळ फारसं कुणी पाहिलं नाही, कारण रक्ताचं नियमन धमन्याच करतात असं धरलं गेलं होतं. २०१४ मध्ये लंडनच्या डेव्हिड अ‍ॅटवेल यांच्या गटानं दाखवलं, की या पेशी सैल होतात आणि केशवाहिन्या धमन्यांच्याही आधी रुंदावतात. त्याच निबंधात दुसरीही एक नोंद होती. रक्त तुटलं की या पेशी आधी आवळल्या जातात आणि आवळलेल्या अवस्थेतच मरतात. पक्षाघाताच्या रुग्णात गुठळी काढून मोठी वाहिनी वेळेत मोकळी केली तरी पुढच्या केशवाहिन्यांत कधी कधी रक्त शिरत नाही, त्याचं एक कारण हे असावं. ती मिठी सोडवता येईल का, यावर आता प्राण्यांत प्रयोग चालू आहेत.